तुम्ही विचारलंत म्हणून: बाइंडिंगचं नंतर, आधी स्किनचं

"पिन घेऊ, फ्रेम घेऊ, की ते हायब्रिड?" मी स्की टूरिंग करतो, म्हणजे लिफ्टशिवाय स्कीवरूनच डोंगर चढून उतरतो, हे कळलं की पुढचा प्रश्न हाच, बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगचा. विचारणाऱ्याने वजनांचे तक्ते पाठ केलेले असतात, मनात निवडही झालेली असते. माझी फक्त मान डोलायला हवी असते. स्किनचं, म्हणजे चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला ग्लूने चिकटवायच्या केसाळ पट्टीचं, आठवतं ते निघता निघता. "आणि स्किन काय, कुठलीही चालेल ना?"

नाही चालत. एकदाच सगळं सांगून टाकतो, म्हणजे यापुढे मी तोंड वाकडं केलं तर का ते कळेल.

वजनाचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. फ्रेम बाइंडिंग एका पायाला सव्वा किलोच्या घरात जातं, साधं पिनचं त्याच्या पाव वजनात भागतं. शिवाय फ्रेममध्ये प्रत्येक पावलाला बुटाखालचा अख्खा सांगाडा उचलावा लागतो. पिनमध्ये उचलायचा तो फक्त बूट. 1980 च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने बुटाच्या नाकाशी दोन बाजूंना दोन खळगे आणि त्यांत बसणाऱ्या दोन पिना अशी ही युक्ती काढली. मूळ कल्पना आजही तीच आहे. बुटाला ते खळगे नसतील तर पिनचा विषयच संपला, हे मात्र आधी बघा. बाइंडिंग विकत घेऊन मग बूट तपासणारे लोक मला भेटले आहेत.

उतारावर गोष्ट वेगळी. रिसॉर्टवरच्या बाइंडिंगमध्ये पाय पिळला तर बूट पुढच्या बाजूने सुटतो. नेहमीच्या पिन बाइंडिंगमध्ये आडवी सुटका टाचेकडून होते, आणि धक्का बसल्यावर बूट थोडा सरकून परत जागेवर येण्याला फारशी जागा नसते. म्हणून दोन्हींवर रिलीजचा, म्हणजे किती जोराला बूट सुटावा याचा, आकडा सारखाच लावला तरी पायाला अनुभव सारखा येत नाही. हायब्रिड या दोन्हींची सांगड घालतं: चढताना पिन, उतरताना जवळपास रिसॉर्टचं बाइंडिंग. वजन मधलं. हलणारे भाग जास्त, आणि जिथे भाग हलतो तिथे बर्फ शिरतो.

झालं. बाइंडिंगबद्दल माझ्याकडे एवढंच आहे. जास्त उतरणार असाल, जोरात उतरणार असाल, तर हायब्रिड. जास्त चढणार असाल तर पिन. यावर तासभर वाद घालायची माझी तयारी नाही. आता स्किन.

त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. पहिला चढ छान झाला. खिंडीत पोचलो तेव्हा वारा सुटला होता, भुरभुरीत बर्फ जमिनीलगत पळत होता. मी स्किन काढायला घेतली, अर्धी सुटली आणि वाऱ्याने उरलेली ओढून घेतली. माझ्या हातात एक टोक, बाकीची फडफडत बर्फावर, ग्लूची बाजू खाली. उचलली तेव्हा ती पांढरी झाली होती. झटकली, घडी घातली, जॅकेटच्या आत छातीशी ठेवली. यात चुकलं काय, हे मला आजवर अनेकांनी समजावलं आहे. त्यांच्यातलं त्या वाऱ्यात कोणी नव्हतं.

पलीकडे उतरलो. उतार सुरेख होता, तेही सांगायला हवं, कारण त्या दिवसाचा तो भाग कोणी विचारत नाही. परतायला मात्र पुन्हा चढायचंच होतं, दुसरी वाट नव्हती. स्की कोरडी पुसली, स्किन लावली, दाबली. वीस-तीस पावलांत मागची क्लिप निसटली आणि शेपूट लोंबायला लागलं. ग्लू अजून ओलसर होता, त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा. स्कीच्या कडेवर घासून काढला, पुन्हा छातीशी धरली, थांबलो, पुन्हा लावली. किक टर्न घेताना, म्हणजे चढावर उभ्याउभ्या एकेक स्की उचलून दिशा बदलताना, पुन्हा सुटली. पट्टे होते माझ्याकडे. हो, होते. स्कीला दोन जागी आवळून बांधले, पण पट्टा तळाखालून जातो आणि पावलागणिक बर्फात अडतो. तिरक्या चढावर तो कडेवरून घसरला, स्किन वळली आणि मी मागे आलो. स्की काढून चालावं म्हटलं तर मांडीपर्यंत आत.

त्यातच माझ्या टो-पीसखाली, म्हणजे बाइंडिंगच्या पुढच्या, पिनांच्या भागाखाली, बर्फ गोठला. खटका वाजला, पिना बसल्यासारख्या वाटल्या, पण पंजे पूर्ण मिटले नव्हते. दोन पावलांत बूट बाहेर. माझं ते हलकं, देखणं बाइंडिंग काठीच्या टोकाने खरवडत मी बसलो होतो आणि मित्र आपल्या जड फ्रेममध्ये निवांत उभा होता. तेव्हाही तो काही बोलला नाही.

बोलला तो नंतर. "सरक, मी धरतो, तू बांध." जाड हातमोज्यांत पट्ट्याचा बकल लागत नव्हता, म्हणून त्याने हातमोजे काढले. मी नको म्हणालो का? म्हणालो असेन. प्रत्येक थांब्याला त्याने काढले. अंधार पडल्यावर, हेडलॅम्पच्या उजेडातसुद्धा. खाली पोचलो तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी होती. बोटं वाचली. टोकांची जाणीव परत यायला बरेच महिने लागले आणि थंडीत ती अजून दुखतात. त्यानंतर तो टूरिंगला आलेला नाही. मला दोष देत नाही. उलट मी विषय काढला की तो बदलतो.

तर, "कुठलीही चालेल ना?"

माझी ती स्किन सहज निघणाऱ्या, नव्या प्रकारच्या ग्लूची होती. ती घेतली तेव्हा मी सगळ्यांना हेच सांगत सुटलो होतो: जुन्या हॉट-मेल्ट ग्लूच्या स्किन एकमेकींना चिकटल्या की वाऱ्यात सोडवायला दोन माणसं लागतात, ही बघा, एका हाताने निघते. तेव्हाच्या मला मी खोटा ठरवू शकत नाही. खरंच निघायची. पण तळाशी थोडी ओल आली की हा ग्लू हात टेकतो, आणि खिंडीत ओल नसते असं कधी होतं? आज मी हॉट-मेल्ट वापरतो, जाळी लावून घडी घालतो, आणि कडक थंडीत तोही दगड होतो तेव्हा मुकाट्याने जॅकेटमध्ये घालतो. त्या दिवशी हॉट-मेल्ट असता तर स्किन टिकली असती का? माहीत नाही. ग्लू कुठलाही असो, तो पांढरा झालाच असता.

केसांचं म्हणाल तर मोहेर, म्हणजे अंगोरा बकरीची लोकर, छान घसरते. नायलॉन घट्ट धरतं आणि जास्त टिकतं. साधारण सत्तर-तीसचं मिश्रण घ्या आणि विसरून जा. कापताना दोन्ही बाजूंना पोलादी कड उघडी राहू द्या, नाहीतर कडक तिरक्या उतारावर धरायला काहीच उरणार नाही. ऊन लागून बर्फ ओला झाला आणि पुढे सावलीत शिरलात की केसांखाली गोळे धरतात, त्यासाठी स्किन वॅक्स खिशात हवं. पट्टे दोन नाही, चार. आणि पातळ हातमोजे, ज्यांत बकल लागतो. हे शेवटचं कुठल्याच तक्त्यात नसतं.

एक प्रश्न उरला, तोही तुम्ही विचारताच: अवघड उतारावर टो लॉक करून, म्हणजे पुढच्या पिना सुटू नयेत अशा अडकवून, उतरता का? कधी कधी, हो. जिथे पडणं परवडत नाही तिथे स्की मधेच सुटली तर संपलंच. जिथे हिमस्खलनाची भीती, तिथे न सुटलेली स्की माणसाला खाली ओढते, म्हणून तिथे लॉक नको. अडचण अशी की या दोन्ही जागा बरेचदा एकच असतात. मित्राचं मत पहिल्यापासून ठाम होतं, कधीच लॉक करायचं नाही. मी त्याच्याशी भांडायचो. आता एकटाच दोन्ही बाजूंनी भांडतो, आणि लॉकचा लिव्हर वर करायचा की नाही हे प्रत्येक वेळी माथ्यावर उभं राहूनच ठरतं.