टक्के, पण कशाचे? एचपी १२सीवर हात बसवताना

सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट) या गुंतवणूक विश्लेषकांच्या परीक्षेच्या दालनात दोनच घराण्यांचे कॅल्क्युलेटर चालतात, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस आणि ह्युलेट पॅकार्डचा एचपी १२सी. मी दुसरा घेतला, आणि त्याचे कारण अगदी व्यावहारिक होते: कार्यालयातील माझ्या वरिष्ठांच्या टेबलावर तोच होता, त्यामुळे अडल्यास विचारायला माणूस हाताशी होता. हे यंत्र १९८१ साली बाजारात आले आणि त्याचे आडवे रूप तेव्हापासून फारसे बदललेले नाही. दुकानातील बारा अंकी कॅल्क्युलेटरवर वाढलेल्या माणसाला त्यात पहिला धक्का बसतो तो बरोबरच्या चिन्हाचा, कारण ते बटणच तिथे नाही. आधी संख्या, मग ‘एंटर’, मग दुसरी संख्या आणि शेवटी क्रिया, असा सगळा उलटा क्रम आहे. आणखी एक गोष्ट भारतीय डोळ्यांना सुरुवातीला खुपते. स्वल्पविराम दर तीन अंकांनी पडतो, त्यामुळे वीस लाखांची रक्कम पडद्यावर २,०००,००० अशी दिसते आणि शून्ये मोजल्याशिवाय विश्वास बसत नाही.

टक्क्यांसाठी या यंत्रावर तीन वेगळी बटणे आहेत आणि तिन्ही एकाच शिस्तीने चालतात: ज्या रकमेचे टक्के काढायचे ती आधी सांगावी लागते. साडेबारा हजारांच्या मालावर १२ टक्के सूट आणि त्यानंतर १८ टक्के जीएसटी, हे आमच्या कामातले रोजचे गणित. १२,५०० दाबून ‘एंटर’, मग १२ आणि टक्क्याचे बटण, की पडद्यावर १,५०० येतात. मूळ साडेबारा हजार मात्र पुसले जात नाहीत, ते पडद्यामागे थांबलेले असतात, म्हणून लगेच वजाचे बटण दाबले की ११,००० मिळतात. आता हेच ११,००० नवा पाया ठरतात. १८, टक्के, १,९८०, अधिक, १२,९८०. मधली कोणतीही रक्कम पुन्हा टाकावी लागत नाही, कागदावर टिपून ठेवावी लागत नाही, आणि प्रत्येक टप्प्यावर सूट किती व कर किती हे स्वतंत्रपणे दिसते. बिल तपासताना हे फार सोयीचे पडते.

उलट दिशेचे गणित मात्र या बटणाने करायचे नसते. १२,९८० ही करासह रक्कम असेल आणि करापूर्वीची किंमत हवी असेल, तर पुष्कळ जण त्यातून सरळ १८ टक्के वजा करतात आणि १०,६४३ रुपये ६० पैसे असे उत्तर काढतात. ते ३५६ रुपये ४० पैशांनी कमी असते, कारण कर ११,००० वर लागलेला आहे आणि वजा मात्र १२,९८० वरून होतो आहे. इथे १.१८ ने भागणे एवढाच मार्ग आहे.

दुसरे बटण बदलाचे, त्यावर टक्क्याच्या चिन्हाआधी डेल्टाचा त्रिकोण आहे. जुनी संख्या, ‘एंटर’, नवी संख्या आणि हे बटण. शेअर २४० वरून ३०० वर गेला तर २५, आणि ३०० वरून पुन्हा २४० वर आला तर उणे २०. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तो, ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला, तेव्हा मी सहज या बटणावर तो टाकून पाहिला, तर उणे ३.८५ आले. कपात पाव टक्क्याची, म्हणजे दराच्या आकड्यात ०.२५ ची, आणि मूळ दराच्या तुलनेत ती जवळपास चार टक्क्यांची, दोन्ही खरे. तिसरे बटण एकूण रकमेतील वाटा सांगते, त्यावर फार लिहिण्यासारखे नाही.

या सगळ्याचा खरा उपयोग झाला तो धाकट्या भावाच्या मोटरसायकलच्या वेळी. विक्रेत्याने एक लाखाचे कर्ज ‘फक्त दहा टक्क्यांनी’ तीन वर्षांसाठी देऊ केले होते, तर बँकेचा दर होता अकरा. “दादा, दहा कमी की अकरा?” असा त्याचा सरळ प्रश्न होता. मी त्याच्याकडून विक्रेत्याचा कागद मागून घेतला. त्यावर मासिक हप्ता ३,६११ रुपये ११ पैसे लिहिलेला होता, म्हणजे एक लाखावर वर्षाला दहा हजार या हिशेबाने तीन वर्षांचे तीस हजार व्याज मुद्दलात मिळवून एकूण एक लाख तीस हजारांना छत्तीसने भागले होते. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, पण हे व्याज अखेरपर्यंत पुऱ्या लाखावरच आकारले जाते.

आधीचे आकडे पुसून मी ३६ ही हप्त्यांची संख्या भरली, कर्जाची रक्कम एक लाख भरली आणि हप्ता उणे चिन्हाने भरला. हे उणे विसरून चालत नाही: हातात आलेला पैसा अधिक आणि हातातून जाणारा वजा, असे यंत्राचे खाते आहे, आणि दोन्ही एकाच चिन्हाचे दिले तर ते चूक दाखवून थांबते. व्याजदराचे बटण दाबल्यावर पडद्यावर काही क्षण गणित चालू असल्याची खूण लुकलुकली आणि १.४९ आले. हा महिन्याचा दर. पडद्यावर न दिसणारे दशांश धरून त्याला बाराने गुणले तर १७.९२.

भावाने पडद्याकडे दोनदा पाहिले. मग बँकेचा दर त्याच यंत्रावर टाकला. ११ दाबून निळ्या बटणाने तो बारा महिन्यांत विभागला, हप्ता ३,२७३ रुपये ८७ पैसे आला, म्हणजे तीन वर्षांचे व्याज १७,८५९ रुपये. विक्रेत्याच्या तीस हजारांपुढे हे बारा हजारांहून अधिक कमी. बँक प्रक्रिया शुल्क म्हणून २,००० रुपये आधीच कापून घेणार होती, तेही विचारात घेणे भाग होते, म्हणून बाकीचे आकडे तसेच ठेवून फक्त कर्जाच्या जागी ९८,००० भरले आणि पुन्हा दर विचारला. वार्षिक १२.४० आला. त्या दिवशी अर्ज बँकेत गेला.