दूधगंगेच्या फुगीवर गळ

पुराच्या गढूळ पाण्यात मासा लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी पावसाळ्यात एकदा बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याच्या बाजूला दूधगंगेच्या काठाला येऊन बसावं. मात्र काठालाच बसावं. पुलाच्या कठड्यावर नको, आणि पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यावर तर पाऊलही टाकू नये.

कोल्हापूरहून निघालो तेव्हाच मलिकवाड-दत्तवाड बंधारा बुडाल्याचं कळलं होतं. कल्लोळ-यडूर, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर ही नावं चिकोडी-निपाणीकडच्या माणसाला पाठच असतात, कारण पावसानं जोर धरला की तीच आधी बुडतात. यमगर्णीजवळ वेदगंगा रस्त्याच्या किती जवळ आलीय ते जो तो गाडी हळू करून बघत होता. २०१९ आणि २०२१ साली इथंच पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली होती. यंदा तेवढं नव्हतं. निपाणीत चहा घेतला, चिकोडीवरून वळलो आणि संध्याकाळच्या आत मामांच्या गावात पोचलो.

मला मरळीचं वेड आहे. अमेरिकेतले लोक बास नावाच्या माशामागे जसे वर्षभर हिंडतात, तसाच मी मरळीमागे असतो. नदी भरून गढूळ झाली की बास धार सोडतो आणि बुडालेल्या झुडपांत, काठाच्या उथळ पाण्यात येऊन थांबतो, असं तिकडचे गळकरी सांगतात. मग ते नदीचा मधला भाग विसरून काठ धुंडाळतात; गडद रंगाचं, पाणी हलवणारं मोठं आमिष अगदी सावकाश ओढतात. मरळ वेगळ्या कुळातली, तिला वर येऊन हवा घ्यावी लागते, पण दबा धरून बसायची सवय दोघांची सारखी. म्हणून मी काळा रबरी बेडूक, जाड विणीची (ब्रेडेड) दोरी आणि आखूड रॉड घेऊन आलो होतो. पाण्यात मनगटापर्यंत हात घातला तर बोटं दिसेनात. घाटाकडची तांबडी माती सगळी उतरली होती.

पण सकाळी काठावर गेल्यावर रॉड पिशवीतून बाहेर काढायला मिळाला नाही.

मामांच्या शेजारचे आण्णा आमच्या आधीच तिथं होते. वय सत्तरीच्या पुढं, अंगावर खताच्या पोत्याची खोळ. त्यांनी बाभळीचा एक फोक सोलून पाण्याच्या कडेला रोवला होता आणि पाणी जिथं टेकलं होतं तिथं कोयत्यानं खूण केली होती. मी रॉड जोडायला लागलो तसं ते म्हणाले, "भाच्या, पाणी चढतंय तवर गळ भिजवायचा न्हाई." म्हटलं, आण्णा, मासा तर चढत्या पाण्यालाच वर येतो ना? "येतोय की. पर तुझ्या मागं काय येतंय ते बघितलास काय?"

मी मागं वळून बघितलं. आम्ही उभे होतो ती मळी, नदीकाठची उंच गाळाची पट्टी. तिच्या पाठीमागं पाणंदीच्या कडेनं एक ओघळ जातो. उन्हाळ्यात त्यातून बैलगाडी नेतात. त्या ओघळीत नदीचं पाणी खालच्या अंगानं शिरायला लागलं होतं. समोरची नदी चढताना दिसते, तिच्यावर आपलं लक्ष असतं. पाठीमागचं सखल रान मात्र गुपचूप भरतं आणि तासाभरात आपण बेटावर उभे असतो. आण्णांच्या माहितीतली माणसं अशी अडकली होती. त्यांना गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून बाहेर काढावं लागलं होतं.

मग आम्ही पाणंदीच्या वरच्या अंगाला, उसाच्या बांधावर बसलो आणि तो फोक बघत राहिलो. मी असं कधी नदी बघितलेली नाही. एरवी माझी नजर दोरीच्या टोकावर असते. इथं करायला काहीच नव्हतं. खूण बुडाली, आण्णांनी वर दुसरी केली. ती बुडायला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागला. मधून जळण, गवताचे भारे, प्लॅस्टिकचे ड्रम वाहत गेले. एक धामण पोहत येऊन बांधावर चढली आणि आमच्याकडे न बघता उसात गेली. मामीनं भाकरी आणि लसणाची चटणी पाठवली होती, ती पावसातच खाल्ली. पलीकडच्या रानातला एकजण कन्नडमधून काहीतरी ओरडला, आण्णांनी कन्नडमधूनच उत्तर दिलं आणि मला म्हणाले, "कृष्णा थांबली म्हणं. आता हितलंबी थांबंल."

इथली खरी गोष्ट ही आहे. कृष्णा कोयनेचं, वारणेचं, पंचगंगेचं पाणी घेऊन खाली येते. यडूरच्या अंगाला दूधगंगा तिला मिळते. कृष्णाच तुडुंब असली की दूधगंगेला पुढं सरकायला जागा राहत नाही. पाणी मागं दाटतं, मळीत पसरतं. काळम्मावाडीच्या धरणाकडून येणारं पाणी वेगात असलं तरी इथं आल्यावर त्याची धार मोडते. ही फूग. पाणी चहासारखं गढूळ, पण जवळजवळ उभं. मासा ह्याच पाण्यात विसावतो.

दुपार कलल्यावर तिसरी खूण तशीच कोरडी राहिली. नंतर तिच्याखाली बोटभर ओली सालही दिसायला लागली. आण्णा उठले.

त्यांनी गांडुळं लावली आणि ओघळीतून पाणी परत नदीकडे जायला लागलं होतं त्या तोंडावर गळ सोडला. उतरत्या पाण्याबरोबर रानात पसरलेला मासा ह्याच वाटेनं माघारी येतो. नजर चालत नाही अशा पाण्यात मिशीवाला मासा वासावर येतो, म्हणून पहिल्यांदा शिंगाळे आले, मग एक चांगली हातभर वाम. माझा बेडूक बुडालेल्या उसाच्या सरीत पडला. सावकाश ओढायचा, थांबायचं, पुन्हा ओढायचा. गढूळ पाण्यात मरळीला आमिष दिसण्याआधी त्याची थरथर अंगाला कळते, आणि ती शोधत येईपर्यंत वेळ द्यावा लागतो. मोठा आवाज होऊन दोरी ताणली गेली, तेव्हा अंधार पडायला थोडाच अवकाश होता. मरळ दीड-दोन किलोची असेल. मला ती दिवसभराच्या बसण्याची भरपाई वाटली नाही, कारण ते बसणं मला त्याहून आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी आणखी उतरलं आणि मामेभावानं गवताच्या कडेला तांबूस ठिपक्यांचा एक पुंजका दाखवला. वर येत होता, बुडत होता, पुन्हा वर येत होता. मरळीची पिल्लं. अशा पुंजक्याच्या खाली नर-मादी राखणीला असतात आणि त्यात काहीही पडलं की तुटून पडतात. गळकऱ्याला ह्यापेक्षा सोपा मासा नाही. भावानं रॉड उचलला. आण्णांनी नुसता त्याच्या मनगटावर हात ठेवला. "पोरं हाईत तिची. आई काढलीस तर सांजच्याला ह्यातलं एकबी ऱ्हायचं न्हाई." भावानं रॉड खाली ठेवला. आम्ही तिघं तिथं बराच वेळ उभे होतो. एकदा पुंजक्याशेजारी मरळीचं काळं डोकं वर आलं, हवा घेऊन गेलं, आणि पिल्लं तिच्या मागोमाग सरकली. इतकी वर्षं ह्या माशाच्या मागं आहे, पण तो असा मला कधीच दिसला नव्हता.

आता तक्रार. येताना वाटेतल्या एका पुलावर पोरांची गर्दी होती. पुलाला पाणी टेकलेलं, पोलिसांनी अडथळे लावलेले, आणि ही मंडळी ते ओलांडून कठड्यावरून गळ आणि फेकजाळी टाकत होती. लहान मुलांना खांद्यावर घेऊन बाप उभे होते. खाली धार एवढी जोरात होती की तिथं मासा टिकणंच शक्य नाही. जीव धोक्यात घालून जिथं काही मिळायचं नाही तिथंच उभं राहायचं, ह्याचा मला मनापासून राग येतो. त्यात अंड्यांनी भरलेले मासे पिशव्यांत घालून रस्त्यावर विकायला ठेवलेले. आपल्या नद्यांतला बहुतेक मासा ह्याच दिवसांत वीण घालतो. आज पोतंभर काढलं तर हिवाळ्यात गळ टाकून बसणाऱ्याला कोण भेटणार?

आण्णांनी गांडुळांचे पैसे घेतले नाहीत, मासाही घेतला नाही. माळ आहे म्हणाले. माळकरी माणूस गळ टाकतो कसा, हे मी विचारलं नाही. वाम मामीनं केली, मरळ शेजारी दिली.

कल्लोळ-यडूर अजून पाण्याखालीच असल्यामुळे यडूरच्या वीरभद्राचं दर्शन राहिलं. पावसाळा सरून बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी निवळ होतं, तेव्हा पुन्हा जाणार आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना ते माहीत आहे त्यांनीही पिल्लं मोठी होईपर्यंत कुणाला सांगू नये, एवढी विनंती.