एचडीआरची वही: कार्ल्याच्या चैत्यात अंधार किती ठेवायचा

कार्ल्याच्या चैत्यगृहाचा एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज) सेट, म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-जास्त एक्स्पोजरच्या, पुढे एकत्र जोडायच्या फ्रेम, अखेर मनासारखा जुळून आला, म्हणून ही नोंद. फ्रेम स्तूपाच्या बाजूनं, दाराकडे तोंड करून घेतलेली आहे. समोर ते भलंमोठं नालाकृती गवाक्ष, वर लाकडी कमानी, दोन्ही हातांना खांबांच्या रांगा. ही फ्रेम ज्यांनी घेऊन पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे की ती एका एक्स्पोजरमध्ये बसत नाही. बाहेरचं ऊन धरलं तर आत सगळं काळं, आणि आतले खांब धरले तर गवाक्षाच्या जागी नुसता पांढरा गोळा.

उलट बाजूनं, दाराकडून स्तूपाकडे बघताना, ब्रॅकेटिंगची, म्हणजे वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम घेण्याची, गरजच पडत नाही. प्रकाश आपल्या पाठीमागून येतो, स्तूप आणि खांब यांच्यातला फरक माफक असतो. एक रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) घ्या, शॅडो थोड्या उचला, काम झालं. हल्लीचे चांगले सेन्सर बेस आयएसओला १४ स्टॉपच्या आसपास फरक पकडतात (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्या दृश्यांना तीन फ्रेम लागायच्या त्यातली निम्मी आज एका रॉमध्ये निघतात. तरी लोक सवयीनं ब्रॅकेट करतात आणि मग मर्जची भुतं (फ्रेम जोडताना उरणाऱ्या, हललेल्या गोष्टींच्या अर्धवट प्रतिमा) काढत बसतात.

पण स्तूपाकडून दाराकडे हे प्रकरण वेगळं आहे. स्पॉट मीटरनं मोजलं. आयएसओ १००, एफ/८ ठेवून बाहेरच्या उन्हाला १/५०० सेकंद आणि खांबांमागच्या प्रदक्षिणामार्गातल्या कातळाला ८ सेकंद. म्हणजे १२ स्टॉपचं अंतर, तेही दोन्हीकडे मधला राखाडी धरून. दोन-दोन स्टॉपच्या टप्प्यानं १/५००, १/१२५, १/३०, १/८, १/२, २ आणि ८ सेकंद अशा ७ फ्रेम होतात. ज्यांच्या कॅमेऱ्यात ऑटो ब्रॅकेटिंग तीनच फ्रेमचं आहे त्यांनी मॅन्युअलवर जाऊन शटर हातानं फिरवावं. छिद्र (ॲपर्चर) मात्र हलवायचं नाही, नाहीतर डेप्थ ऑफ फील्ड फ्रेमगणिक बदलते आणि कडा जुळत नाहीत. फोकस एकदा करून मॅन्युअलवर टाकायचा. रॉ घेत असलात तरी व्हाइट बॅलन्स सगळ्या फ्रेमना एकच ठेवा. डेव्हलप करताना एखादी फ्रेम ऑटोवर राहिली तर कातळ अर्धा निळा, अर्धा पिवळा होतो.

रॉ थेट मर्ज करणार असाल तर तीन स्टॉपचे टप्पेही पुरतात. मग १/५००, १/६०, १/८, १ आणि ८ सेकंद अशा पाचच फ्रेम लागतात, आणि तेवढ्या वेळात माणसं कमी हलतात. मी दोनचेच टप्पे घेतले, कारण पुढे फ्यूजनही (एचडीआर फाइल न बनवता फ्रेम थेट मिसळणं) करून बघायचं होतं आणि तिथे टप्पे जवळचे असलेले बरे. सेट पुरेसा आहे का हे बघायला हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) दोन टोकं बास: सर्वांत छोट्या फ्रेममध्ये उजवी भिंत मोकळी हवी आणि सर्वांत मोठ्या फ्रेममध्ये डावी.

एएसआयच्या (भारतीय पुरातत्त्व खात्याच्या) स्मारकात ट्रायपॉड लावायचा तर परवानगी काढावी लागते. मी ज्वारी भरलेली कापडी पिशवी नेली होती. ती जमिनीवर ठेवून, कॅमेरा तिच्यात दाबून बसवला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद केलं. ८ सेकंदांची फ्रेमही धारदार आली. या उंचीचा एक फायदा मात्र आधी लक्षात आला नव्हता. जमिनीवरून बघितलं की खांबांच्या शिरावरचे गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर बसलेल्या जोड्या थेट लाकडी कमानींना भिडतात. उभं राहून घेतलेल्या फ्रेममध्ये त्यांच्यात मोकळी जागा दिसते.

आता फ्लेअरबद्दल, कारण यावर कोणी फारसं बोलत नाही. ८ सेकंदांची फ्रेम मोठी करून बघितली तर गवाक्षाभोवतीच्या कमानींवर दुधाळ पडदा होता. मर्ज झालेल्या फोटोत हा पडदा अगदी सॉफ्टवेअरच्या हॅलोसारखा (कडांभोवतीच्या उजळ वलयासारखा) दिसतो आणि मग माणूस टोन मॅपिंगचे (उजेडाचा मोठा पल्ला स्क्रीनला झेपेल इतका दाबण्याचे) स्लायडर उगाच खालीवर करत राहतो. हा दोष काचेतला आहे. गवाक्षातला उजेड लेन्सच्या आत इकडेतिकडे उसळून अंधाऱ्या भागावर सांडतो. म्हणून एचडीआरची खरी मर्यादा बऱ्याचदा सेन्सरपेक्षा लेन्सच ठरवते. कितीही फ्रेम वाढवा, सांडलेला उजेड वजा होत नाही. यूव्ही फिल्टर काढला, मागचा-पुढचा काचेचा भाग पुसला, हूड लावला, आणि पडदा निम्म्याहून विरळ झाला. हॅलो दिसला की आधी न जोडलेली फ्रेम उघडून बघायची. तिथेही असेल तर तो फ्लेअर.

मर्ज एचडीआरमर्जमध्ये केलं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि रॉ डीमोझेइक न करता, म्हणजे पिक्सेलचे रंग भरण्याआधीच, जोडतं. प्रत्येक पिक्सेलसाठी, न जळलेल्यांपैकी सर्वांत जास्त उजेड मिळालेली फ्रेम ते निवडतं आणि निकाल फ्लोटिंग पॉइंट डीएनजी या रॉ फाइलीत देतं. म्हणजे व्हाइट बॅलन्सपासून सगळं पुढे नेहमीच्या रॉसारखंच करता येतं. लाइटरूममध्येही २०१५ पासून रॉ जोडून डीएनजी करायची सोय आहे, डार्कटेबलमध्येही आहे. एचडीआरमर्ज मला आवडतं ते त्याच्या ब्रशसाठी.

कारण कार्ल्याला माणसं असणारच. एकवीरा आईचं देऊळ चैत्याच्या दाराशीच आहे. दर्शन झालं की मंडळी लेण्यात डोकावतात आणि त्यांनी का डोकावू नये? ८ सेकंदांत चालणारा माणूस विरघळून जातो, १/१२५ मध्ये तो गोठतो, घोळ होतो मधल्या फ्रेममध्ये. १/२ सेकंदाच्या फ्रेममध्ये उजव्या रांगेतल्या एका खांबाशी हिरव्या नऊवारीचा काठ स्वच्छ होता, २ सेकंदांच्या फ्रेममध्ये त्याच जागी नुसता हिरवट धूर. ब्रशनं २ आणि ८ सेकंदांच्या थरातून तेवढी जागा पुसली की तिथे १/२ ची फ्रेम वर येते. तेवढ्या तुकड्यात नॉइज वाढतो, पण माणसाच्या कपड्यावरचा नॉइज कोणाला खटकत नाही. आपोआप डीगोस्टिंगनं हीच जागा अर्धीमुर्धी राहिली होती: काठ होता, बाई नव्हती.

इथवरचं काम हिशेबाचं. खरी भांडणं पुढे, टोन मॅपिंगला.

यात थोडं मागे जायला हवं. १८५० च्या दशकात गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार आकाशाची एक आणि समुद्राची एक अशा दोन निगेटिव्ह जोडून एक प्रिंट काढत होता, कारण तेव्हाच्या प्लेटवर दोन्ही एकदम येत नसत. म्हणजे कल्पना जुनी आहे. आज आपण वापरतो ते गणित पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांच्या १९९७ च्या निबंधापासून रुळलं. मलिक आयआयटी कानपूरचे, तेव्हा बर्कलीत शिकवत होते. त्या निबंधाचा रोख सुंदर फोटोवर नव्हता, उजेड मोजण्यावर होता: वेगवेगळ्या एक्स्पोजरवरून कॅमेऱ्याचा प्रतिसाद काढायचा आणि प्रत्येक बिंदूवर प्रत्यक्षात किती प्रकाश होता ते आकड्यांत मांडायचं. पुढे त्याच आकड्यांनी संगणकावरच्या वस्तूंना खऱ्या जागेचा उजेड देता आला. मापं हाती आली, पण ती साध्या स्क्रीनवर किंवा चकचकीत कागदावरच्या जेमतेम ७ स्टॉपमध्ये कशी बसवायची हा प्रश्न उरतोच. त्याची उत्तरं जितकी डोकी तितकी. ल्युमिनन्स एचडीआर हे सॉफ्टवेअर उघडलंत तर रेनहार्ड, ड्रेगो, फत्ताल, मांटियुक अशी संशोधकांच्या नावांची यादीच समोर येते.

सगळे चालवून बघितले. मांटियुक ०६ कातळावरची छिन्नीची प्रत्येक खूण बाहेर काढतो, पण सोबत आभाळही खरवडतो. फत्ताल त्याहून भडक. रेनहार्ड ०२ शांत आहे, फिल्मच्या जवळ जातो. फोटोमॅटिक्समध्ये डिटेल्स एनहान्सर नावाची जी पद्धत आहे तिनं एके काळी इंटरनेटभर जांभळे ढग आणि कोळशाच्या कडांची घरं पसरवली. दोष पद्धतीचा नाही, स्लायडर शेवटपर्यंत ओढणाऱ्या हातांचा. माझी तक्रार निराळी आहे: या सगळ्यांना अंधार म्हणजे दुरुस्त करायची गोष्ट वाटते. जराशी ढील दिली की चैत्यगृह लग्नाच्या हॉलसारखं लख्ख होतं.

म्हणून एन्फ्यूजकडे वळलो. ते हगिन या पॅनोरमा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येतं. त्याच्या मागे मेर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांची २००७ ची एक्स्पोजर फ्यूजनची पद्धत आहे. यात एचडीआर फाइल मध्ये बनतच नाही. प्रत्येक फ्रेममधला प्रत्येक पिक्सेल किती 'चांगला' हे तीन कसोट्यांवर तोललं जातं: काँट्रास्ट, रंगाची गडदता आणि मध्यम उजेडापासूनचं अंतर. मग त्या वजनांनी फ्रेम पिरॅमिडमधून (लहान-लहान होत जाणाऱ्या प्रतींमधून) एकमेकींत मुरवतात. एन्फ्यूजमध्ये उजेडाचं वजन मुळात १, रंगाचं ०.२ आणि काँट्रास्टचं ० असतं.

माझ्या कामाचा आकडा यापेक्षा आत दडलेला निघाला. 'मध्यम उजेड' म्हणजे काय हे एक्स्पोजर ऑप्टिमम ठरवतो. जुन्या आवृत्त्यांत यालाच एक्स्पोजर म्यू म्हणत. तो मुळात ०.५ असतो, म्हणजे प्रत्येक पिक्सेल मधल्या राखाडीजवळ यावा अशी यंत्राची इच्छा. तो ०.३५ वर आणला, रंगाचं वजन शून्य केलं (अंधाऱ्या फ्रेममधला रंगीत नॉइज उगाच भाव खातो), आणि चित्र पालटलं. गवाक्ष उजळच राहिलं, पहिले दोन-तीन खांब उठावात आले, मागचे क्रमाक्रमानं विझत गेले. ०.३ ला प्रदक्षिणामार्ग पूर्ण बुडतो, ०.४ ला पुन्हा सपाट दिसायला लागतं. हे आकडे माझ्या फ्रेमचे आहेत, तुमच्या सेटला वेगळे लागतील.

फ्यूजनची एक खोड सांभाळावी लागते. जागोजागी वेगळ्या फ्रेमला मान मिळाल्यामुळे आतला कातळ बाहेरच्या आभाळाइतका उजळ होऊन बसू शकतो. म्हणून शेवटी कलर पिकरनं दोन्हीकडे टिचकी मारून बघतो. छायेतला दगड उन्हातल्या आभाळाहून उजळ निघाला तर फोटो कितीही देखणा असो, तो बाद. लेण्यात उभं असताना डोळ्यांना असं कधी दिसत नाही.

तुलनेसाठी तीच डीएनजी डार्कटेबलमध्ये फिल्मिक आणि टोन इक्वलायझर ही मॉड्यूल लावूनही केली. टोन इक्वलायझर उजेडाचे ० ते उणे ८ ईव्ही (म्हणजे स्टॉप) असे ९ पट्टे करतो. चित्रावर कर्सर नेऊन माऊसचं चाक फिरवलं की त्या जागेचा पट्टा वरखाली होतो, हे फार सुखाचं आहे. लाकडी कमानी यात जास्त चांगल्या आल्या. या कमानी मूळच्या आहेत, दोनेक हजार वर्षांच्या, आणि त्यांचा तपकिरी रंग दगडाच्या राखाडीपासून वेगळा दिसायलाच हवा. एन्फ्यूजमध्ये दोन्ही एकाच मातकट रंगाकडे झुकले होते. शेवटचा फोटो असा झाला: पाया एन्फ्यूजचा, छताचा भाग डार्कटेबलच्या फाइलमधून गिंपमध्ये ल्युमिनॉसिटी मास्क (उजेडानुसार भाग निवडणारा) लावून वर घेतलेला. शुद्धतावादी नाकं मुरडतील. मुरडोत.

स्क्रीनवरच्या खऱ्या एचडीआरचाही प्रयोग चालू आहे. २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ सोबत अल्ट्रा एचडीआर आलं: साध्या जेपेगच्या पोटात एक गेन मॅप असतो आणि सोसणाऱ्या स्क्रीनवर तो उजळ भाग आणखी उजळतो. लाइटरूममध्येही त्याच वर्षी एचडीआर आउटपुट आलं. यात टोन मॅपिंगचं अर्धं भांडणच मिटतं, कारण गवाक्ष खरोखर झळकतं आणि त्यासाठी खांब वर ओढावे लागत नाहीत. माझ्या फोनवर ते बघताना डोळे किंचित बारीक होतात, लेण्यात होतात तसेच. अडचण पाठवताना येते. बरीच ॲप फोटो पुन्हा दाबून लहान करतात, त्यात गेन मॅप गळतो आणि समोरच्याला साधा जेपेग मिळतो. म्हणून साधी प्रत आधी स्वतंत्रपणे नीट करून घ्यायची, गेन मॅप नंतर.

चैत्यातल्या एका लेखात या चैत्याला वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह म्हणतो. तो लेख व्हरांड्यात आहे आणि तिथे तिरप्या उजेडात अक्षरं वाचनीय येण्यासाठी ब्रॅकेटिंगपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं, त्यामुळे ते काम वेगळ्या दिवशी.

पुढची खेप पावसाळ्यात. ढगाळ आभाळ असलं की बाहेरचा उजेड तीन-चार स्टॉपनं उतरतो आणि सात फ्रेमच्या जागी पाच पुरतील असा अंदाज आहे, फ्लेअरही कमी. शिवाय भाज्याच्या लेण्यात जाऊन बघायचं आहे. तिथल्या चैत्याची दर्शनी भिंत उरलेली नाही, तोंड सताड उघडं आहे, तेव्हा तिथे ०.३५ चालतो की ०.४५ लागतो ते कळेल. कोणी भाज्याचा सेट घेतला असेल तर सर्वांत छोट्या आणि सर्वांत मोठ्या फ्रेमचं शटर तेवढं कळवा, पिशवी न्यायची की परवानगीचा अर्ज करायचा ते त्यावर ठरवतो.