लिमात एक दिवस पुरतो का?

पेरूचं तिकीट काढलं की लोकांच्या हाती कुठून तरी माझा नंबर लागतो. नोकरीच्या निमित्ताने मी तीन वर्षं पेरूच्या राजधानीत, लिमात होते, एवढीच माझी पात्रता. फोनवर आधी पेरू या फळावरून एक विनोद होतो. (फळाचं नाव पोर्तुगीज 'पेरा'वरून आलं म्हणतात, देशाशी त्याचं नातं नाही. मी हल्ली हे सांगत बसत नाही, हसते.) मग मुद्द्याचा प्रश्न: "मचू पिचूच्या आधी लिमात एक दिवस ठेवलाय. पुरेल ना?" गेल्या महिन्यात तिघांनी विचारलंत, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं.

नुसतं बघायचं असेल तर पुरेल. सकाळी चौक, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी समुद्रावरचा कडा, झालं लिमा. आणि परत येऊन तुम्ही सांगाल की शहरात काही दम नाही. चूक तुमची नसेल. लिमा हे मुळात जेवायचं शहर आहे, आणि तेही दुपारी जेवायचं. बाकीचं सगळं त्या जेवणाच्या अलीकडे-पलीकडे बसवायचं. हे ज्याला पटतं त्याला मी तीन दिवस सांगते: उतरल्यावर एक आणि परतताना दोन.

उतरल्यावरचा दिवस झोपेचा. लिमाचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे. थेट विमान नाही, त्यामुळे मुंबईहून निघालेला माणूस दीड दिवसाने पोचतो तो पार पिळून निघालेला. तशाच अवस्थेत लोक दुसऱ्या विमानाने मचू पिचूच्या वाटेवरच्या कुस्कोला जातात, म्हणजे समुद्रसपाटीवरून एकदम ३,४०० मीटरवर, आणि मग दोन दिवस डोकं धरून बसतात. लिमात राहिल्याने उंचीची सवय होते असं मात्र समजू नका. लिमा समुद्रालाच लागून आहे, उंचीची सवय तिथे काय होणार? फक्त झोप भरून निघते, आणि तीही पहाटे तीनला टक्क उघडते.

आता आकाशाबद्दल. जून ते ऑक्टोबर लिमावर एक राखाडी झाकण बसलेलं असतं. तिथले लोक त्याला 'पान्सा दे बुर्रो' म्हणतात, म्हणजे गाढवाचं पोट. खरंच तसंच दिसतं, मळकट, खाली ओघळलेलं. मी चिपळूणची. पहिल्या जूनमध्ये ते आभाळ बघून मी छत्री दाराशी आणून ठेवली. आता कोसळेल, मग कोसळेल. तीन वर्षांत कोसळला नाही. किनाऱ्याजवळून हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे खालची हवा गार राहते, ढग वर चढतच नाहीत आणि पाऊस धरत नाही. कोटभर वस्तीचं हे शहर चक्क वाळवंटात आहे. पाऊस म्हणून जे पडतं त्याला 'गारूआ' म्हणतात. ते चष्म्याला कळतं, केसांना कळतं, छत्रीला कळत नाही. घरांना पागोळ्या नाहीत, उतरतं छप्पर नाही. गच्च्यांवर जुन्या गाद्या, खोके, लाकडं उघड्यावर वर्षानुवर्षं पडलेली. मजा म्हणजे इतकं करून कपडे वाळत नाहीत! दमटपणा आपल्या श्रावणासारखा. टॉवेलला तिसऱ्या दिवशीही वास. शहराच्या कडेला डोंगरावरच्या वस्त्यांत नळ पोचलेला नाही, तिथे लोक मोठाल्या जाळ्या ताणून धुक्यातलं पाणी धरतात.

लिमाची बदनामी होते ती या आकाशामुळे, आणि त्याचं कारण साधं आहे. मचू पिचूला कोरडे महिने मे ते सप्टेंबर, म्हणून सगळे तेव्हा जातात. जवळजवळ तेच लिमाचे राखाडी महिने. लिमाला लख्ख ऊन असतं डिसेंबर ते एप्रिल, तेव्हा वर डोंगरात धो धो पाऊस. फेब्रुवारीत तर इंका ट्रेल, म्हणजे मचू पिचूला जाणारी पायवाट, बंदच ठेवतात. दोन्ही एकदम साधत नाही. तेव्हा निळ्या समुद्राच्या फोटोची आशा घरीच ठेवून या.

बघायचंच म्हणाल तर माझं पहिलं मत लार्को संग्रहालयाला. रफाएल लार्को ओइले यांनी १९२६ मध्ये सुरू केलेलं. मांडलेली दालनं छान आहेतच, पण लोक जिथे पाच मिनिटं डोकावून निघतात त्या भांडारात तुम्ही अर्धा तास काढा. इतर संग्रहालयं कुलपात ठेवतात तो साठा इथे खुला आहे. जमिनीपासून छतापर्यंत काचेची कपाटं, हजारो मातीची भांडी, विषयवार लावलेली: घुबडं एकीकडे, मके एकीकडे, आजारी माणसं एकीकडे. मला सर्वांत आवडतात ते मोचे या प्राचीन लोकांचे चेहऱ्याचे घडे. दीड हजार वर्षांपूर्वीचे, आणि चेहरे अगदी आत्ता बँकेच्या रांगेत दिसतील असे. एकाचा ओठ वाकडा, एकाला झोप आलेली, एक कशावर तरी वैतागलेला. वरच्या ओठावर व्रण असलेला एक माणूस तर कुंभारांनी वेगवेगळ्या वयात घडवलाय, पोरसवदा ते पोक्त, असं अभ्यासकांनी ओळखून काढलंय. राजा होता की कोण, नाव काय, काही माहीत नाही. त्या लोकांना लिपी नव्हती, पण त्याचा व्रण आपल्यापर्यंत पोचला. (मुलं बरोबर आहेत, 'ते' दालन आहे ना, असंही विचारलं जातं. आहे, शृंगारिक भांड्यांचं. बागेपलीकडे वेगळं आहे, चुकून कोणी शिरत नाही. मुद्दाम मात्र सगळे शिरतात.)

दुसरं, मिराफ्लोरेस भागातलं वाका पुक्याना. उंच इमारतींच्या मधोमध कच्च्या विटांचा अख्खा डोंगर, इंकांच्याही कितीतरी आधीचा. विटा आडव्या रचलेल्या नाहीत, फडताळात पुस्तकं ठेवावीत तशा उभ्या, मध्ये थोडी थोडी फट सोडून. भूकंप आला की भिंत हलते, पण ढासळत नाही. नव्या लिमात जागोजागी हिरव्या पाटीवर मोठा 'एस' दिसेल, भूकंपात तिथे उभं राहायचं म्हणून. उभ्या विटा बघून बाहेर आलात की त्या पाटीचा अर्थ वेगळा लागतो.

जुना चौक दोन तासांचा. पेरू जिंकणाऱ्या स्पॅनिश पिझारोने १८ जानेवारी १५३५ रोजी शहर वसवलं ते इथे. त्याची हाडं कॅथीड्रलमध्ये आहेत, आणि त्यांचीही गंमत आहे. कित्येक वर्षं काचेच्या पेटीत एक सुकलेला देह पिझारो म्हणून दाखवत होते. १९७७ मध्ये तळघरात काम करताना शिशाची पेटी मिळाली, तिच्यावर कोरलेलं की हे पिझारोचं डोकं. म्हणजे इतकी वर्षं लोक भलत्याच कोणाला तरी बघून जात होते. सॅन फ्रान्सिस्को चर्चच्या तळघरातल्या कवट्या ज्याला झेपतील त्याने बघाव्यात, मला एकदा पुरे झाल्या. रंगीत कारंज्यांची बाग लहान मुलं असतील तरच. बारांको हा भाग संध्याकाळी, पायी. मिराफ्लोरेसच्या समुद्रकड्यावर चुंबन घेणाऱ्या जोडप्याचा भला मोठा पुतळा आहे. आमच्याकडे आलेल्या एका काकांनी काकूंचा फोटो पुतळा अजिबात येणार नाही असा कोन शोधून काढला होता.

आता दुपार. माशांची हॉटेलं, तिथल्या भाषेत सेविचेरिया, बारा-साडेबाराला भरायला लागतात आणि चार-पाचला बहुतेक बंद. सेविचे रात्री खायचं नाही ही जुनी रीत. पहाटेचा मासा, बर्फ नव्हता तेव्हा दुपारपर्यंतच चांगला. आता बर्फ आहे, पण रीत गेलेली नाही. मासा कच्चाच असतो. चौकोनी तुकडे, मीठ, मिरची, पातळ चिरलेला लाल कांदा, वर लिंबू पिळायचं; चार-पाच मिनिटांत तुकडा बाहेरून पांढरा पडतो. बरोबर उकडलेल्या रताळ्याची फोड आणि टपोऱ्या दाण्यांचा मका. मी सुरमईच्या तळलेल्या तुकडीवर वाढलेली, पहिला घास डोळे मिटून घेतला. खाली जे आंबट-तिखट पाणी उरतं त्याला 'वाघाचं दूध' म्हणतात. ते सारासारखं ओरपायचं, टाकायचं नाही.

शाकाहारींचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न. माझी आत्या आली होती, पक्की शाकाहारी. मी तिला दोन शब्द शिकवले: 'सिन कार्ने', मांस नको. ती एकटीच कोपऱ्यावरच्या खानावळीत गेली, दोन शब्द ठासून म्हणाली, आणि वाढप्याने अदबीने कोंबडीचं सूप आणून ठेवलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. तिथे 'कार्ने' म्हणजे मुख्यतः गाई-बैलाचं मांस, कोंबडी त्यात धरत नाहीत. चूक शिकवणारणीची. तेव्हा तिन्ही म्हणा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो. आणि सूप असेल तर ते कशाच्या पाण्यात शिजवलंय तेही विचारा.

उपाशी मात्र राहत नाही कोणी. पापा आ ला वांकाइना घ्या, म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर पिवळ्या मिरचीची आणि चीजची सरसरीत चटणी. टाकू-टाकू म्हणजे उरलेला भात आणि उसळ एकत्र कुस्करून तव्यावर खरपूस परतलेलं थालीपीठच म्हणा. वर अंडं नको असेल तर आधी सांगा. चिनी मजूर १८४९ पासून इथे येत गेले, त्यांची 'चिफा' हॉटेलं गल्लोगल्ली आहेत, तिथे भाज्यांचा भात मिळतो. आमच्या एका जैन स्नेह्यांना मात्र मी स्पष्टच सांगितलं: खाकरे आणा. तीन हजारांवर जातीचे बटाटे पिकवणारा देश तो, आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्रसुद्धा १९७१ पासून लिमातच आहे. तिथे बटाटा टाळायचा म्हणजे कोकणात नारळ टाळण्यासारखं. सुर्कियोच्या मंडईत एक सकाळ घालवा. जांभळे, काळे, बोटासारखे लांबुडके बटाटे बघा, आणि चिरिमोया विकत घ्या. सीताफळाची सख्खी बहीण, गर जास्त, बिया कमी.

थोडं सावधपणाचं. टॅक्सीला मीटर नसतो. बसण्याआधी भाडं ठरवा नाहीतर ॲपवरून बोलवा. काच खाली करून फोनवर बोलू नका, माझा एक फोन सिग्नलला असाच गेला. विमानतळ पलीकडे कायाओत आहे. परतीच्या दिवशी अंतर किती असं विचारू नका, वेळ किती लागेल ते विचारा, आणि जे सांगतील त्यात एक तास मिळवा.

आणि शेवटच्या संध्याकाळी केनेडी पार्कला जा. तिथली मांजरं प्रसिद्ध आहेत, पण मी पाठवतेय ती पिकारोनेसच्या गाडीवर. भोपळा आणि रताळं घालून आंबवलेलं सैल पीठ. बाई मिठाच्या पाण्यात हात बुडवते, चिमूटभर पीठ उचलते, अंगठ्याने भोक पाडून कडकडीत तेलात सोडते, काडीने उलटते. चार कडी बशीत, वर दाट तपकिरी पाक. आत्याने तो बोटाने चाखला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, हा तर गूळ!" गूळच तो. तिथे त्याला चांकाका म्हणतात, पाकात लवंग आणि संत्र्याची साल पडते. कोंबडीच्या सुपापासून रुसलेली आत्या तिथे दोन बश्या खाऊन मला म्हणाली, हिला विचार, भोपळा किती आणि रताळं किती. मी विचारलं. बाई तेलावरची नजर न काढता म्हणाली, "अल ओहो." डोळ्याच्या मापाने.

आत्याने पर्समधली डायरी काढली, नाव विचारून घेतलं, आणि खाली लिहिलं: भोपळा अंदाजे, रताळं अंदाजे.