मोठ्या वादकासमोर बेसवर काय वाजवू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसा हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा येतोच. कुणाची संगीत महाविद्यालयात प्रवेशाची चाचणी असते, कुणाला कार्यशाळेत पाच मिनिटं मिळालेली असतात, कुणाला मामाच्या ओळखीनं एखाद्या नावाजलेल्या वादकाकडे जायचं असतं. "सर, बेस गिटार एकट्यानं वाजवायचंय. ड्रम्स नाहीत, गिटार नाही. काय घेऊ?" विचारणाऱ्यानं उत्तर बहुतेक वेळा घरूनच आणलेलं असतं, माझी फक्त मान हलायला हवी असते. आणि ते उत्तर दहापैकी सात वेळा अमेरिकन बेसवादक जेको पास्टोरियस असतं.

माझंही तेच होतं. बावीस वर्षांचा होतो, पुण्यात राहत होतो आणि मुंबईच्या एका कार्यशाळेत नंबर लागला होता. मी निवडली 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी'. जेकोच्या 1976 च्या पहिल्या अल्बममधली, एकट्या बेसवरची ही रचना जवळजवळ सगळी हार्मोनिक्सवर उभी आहे. म्हणजे तार पडद्यावर दाबायची नाही, वरून नुसतं बोट टेकवायचं आणि छेडल्याबरोबर उचलायचं. मग तारेचा जाड स्वर न येता वरचा, घंटेसारखा स्वर येतो. बाराव्या, सातव्या, पाचव्या पडद्यावर हे कुणालाही जमतं. पण या रचनेला चौथ्या पडद्याच्या थोडे अलीकडचे, तिसऱ्याच्या थोडे पलीकडचे स्वरही लागतात. थोडे म्हणजे पाच-सहा मिलिमीटर. शिवाय मध्येच एका बोटानं पडदा दाबून करंगळी ताणून हार्मोनिक काढायचा. चार महिने घासलं. रात्री खोलीत, माझ्या ॲम्पवर, सगळं यायचं.

कार्यशाळेत ॲम्प दुसरा होता. त्यात माझ्या तारा वर्षभर जुन्या. जुन्या तारेत घाम आणि मळ बसतो, खालचा स्वर ठीक येतो पण वरचे स्वर मेलेले असतात. मला हे तोवर माहीतच नव्हतं, कारण माझ्या ॲम्पचा ट्रेबल मी कानशिलं तापेपर्यंत चढवलेला असायचा. ज्या जागी घंटा वाजायची तिथे ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज आला. करंगळीच्या जागी तर काहीच आलं नाही.

समोर बसले होते ते साठीतले, उभा बेस (व्हायोलिनच्या जातीचं, माणसाएवढं उंच वाद्य) वाजवणारे गृहस्थ. त्यांनी मधे थांबवलं नाही, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जाड ई तार मोकळी वाजव. चार मात्रा धर. पाचवीच्या तोंडाशी थांबव." वाजवली, थांबवली. म्हणाले, "पुन्हा." तीनदा झालं. मग म्हणाले, "ई थांबली. ए वाजतेय." मी कान लावला, तर खरंच! शेजारची ए तार ईच्या कंपनानं आपसूक गुणगुणत होती. पाच वर्षं बेस वाजवत होतो आणि हे मला कधी ऐकू आलं नव्हतं.

म्हणून जेको नको, असं मी म्हणतो तेव्हा तो अवघड आहे म्हणून म्हणत नाही. जाणकार माणूस तुमचं अवघड ऐकतच नाही. तो ऐकतो स्वर कुठे संपतो ते, दोन स्वरांच्या मधली जागा किती स्वच्छ आहे ते, लय बोटात आहे की पायाच्या ठेक्यावर टांगलेली आहे ते. आपल्याकडे मोठ्या गवयासमोर बसल्यावर पहिल्या षड्जातच निकाल लागतो म्हणतात, तसलाच हा प्रकार. रचना अशी घ्यायची की जिच्यात या गोष्टी तुमच्या ताब्यात असतील. 'डॉना ली' ही भरधाव जॅझ धून घेतलीत तर बोटं स्वरांच्या मागे धावत राहतील आणि बाकी सगळं वाऱ्यावर. त्यात समोरच्याच्या कानात जेकोची 'डॉना ली' पक्की बसलेली, साथीला डॉन अलायसच्या काँगा ढोलांसकट. तुमचं जे कमी पडेल ते तो मनातल्या मनात तिथून भरून घेणार.

मग काय घ्यायचं? माझं नेहमीचं उत्तर जर्मन संगीतकार बाख. त्याच्या एकट्या चेलोसाठीच्या पहिल्या सुइटचं (म्हणजे तुकड्यांच्या मालिकेचं) प्रिल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, जी मेजर, 42 बार (मात्रांचे गट). चार तारांच्या बेसवर ते चेलोच्या एक सप्तक खाली वाजवतात. पहिला बार बघा: ई तारेवर तिसरा पडदा, ए तारेवर पाचवा, मग मधली डी ओलांडून थेट जी तारेवर चौथा. सगळी गंमत, आणि सगळी फजिती, त्या ओलांडलेल्या डी तारेत आहे. ती गप्प बसवायला उजवा अंगठा तारांवरून सरकता ठेवावा लागतो. पिकअपवर (तारांखालच्या चुंबकी पट्टीवर) टेकवून ठेवलात तर डी मधेच बोलणार आणि ऐकणाऱ्याला पहिल्याच बारमध्ये कळणार. पुढे चेलो जिथे खाली उतरतो तिथले काही स्वर चार तारांच्या बेसवर नाहीतच, ते वरच्या सप्तकात घ्यावे लागतात. कुठून वर उडी मारायची हे तुम्हीच ठरवायचं, आणि तुम्ही काय ठरवलंत त्यावरून तुमची समजही दिसते.

शिवाय बाखच्या हातची या सुइट्सची प्रत उरलेली नाही. बायको ॲना माग्डालेनानं केलेली नक्कल आहे, पण तिच्यातल्या जोडरेघा (कोणते स्वर एका गजात जोडायचे त्याच्या खुणा) कुठून कुठपर्यंत आहेत यावर अजून वाद चालतात. त्यामुळे 'अमक्यासारखं वाजलं नाही' म्हणायची सोय फारशी नाही. चेलोवादक पाब्लो कासाल्सला 1890 मध्ये बार्सिलोनात, वयाच्या तेराव्या वर्षी, या सुइट्सची छापील प्रत मिळाली आणि नंतर बारा वर्षं तो त्या घरीच घोकत राहिला, लोकांसमोर वाजवायची त्याची हिंमत झाली नाही. हे मी विद्यार्थ्यांना सांगतो आणि मग विचारतो, तुझ्याकडे किती दिवस आहेत? साधारण तेरा असतात.

तेरा दिवसांत बाख बसणार नसेल तर ब्लूज घ्या. बारा बारांचा, एफमध्ये, नुसता वॉकिंग बेस, बारला चार स्वर, तीन फेऱ्या. हे सुचवलं की पोरांचे चेहरे पडतात, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नाही. पण कॉर्ड धरणारं कुणी नसताना पाचव्या बारला बी फ्लॅटची कॉर्ड आली हे ऐकणाऱ्याला तुमच्या चार स्वरांवरूनच कळलं पाहिजे. नुसते हात चालवून ते होत नाही.

उभा बेस वाजवणाऱ्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. त्यांच्याकडे उभ्या बेससाठी लिहिणारा बोटेसिनी आहे, आणि तारा एक स्वर चढवून घ्यायच्या की नाही हे त्यांचे गुरू सांगतील.

एक मात्र कृपा करा. समोर शास्त्रीय गवई असतील तर त्यांना खूश करायला पडद्याच्या बेसवर यमन वाजवू नका. पडदे मिंडेच्या आड येतात, आणि समोरच्याला दोन मिनिटं सभ्यपणे हसत बसावं लागतं. मी ते हसू पाहिलंय.

आणि तारा. नव्या तारा आदल्या रात्री चढवू नका, त्या उतरत राहतात. तीन-चार दिवस आधी चढवा, रोज वाजवा.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी, सांगलीची, अशाच एका मोठ्या वादकासमोर हे प्रिल्यूड घेऊन गेली. मी मागे खुर्चीत. बाविसाव्या बारमध्ये एका स्वरावर थांब्याची खूण आहे, सगळं तिथे लोंबकळत राहतं. ती तिथे थांबली आणि तळहातानं तारा बंद केल्या. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा.

"पुढे?" ते म्हणाले.

"पुढचं अजून बसलं नाहीये, सर."

ते काही क्षण तिच्या उजव्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाले, "बरं. मग इथपर्यंतच, पण जरा सावकाश." तिनं पुन्हा पहिल्या बारला बोटं लावली.