रोजच्या काँटेसाला दम किती हवा

गाडी माझी जुनीच. हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा क्लासिक, इसुझूचं १८१७ सीसी पेट्रोल इंजिन, पाच गिअर. नवी असताना साधारण ८५ बीएचपी. तीस वर्षांत त्यातले किती घोडे पेंड खाऊन झोपले, हे कधी मोजलं नव्हतं. रोज बेळगावात वडगाव ते उद्यमबाग, महिन्यातून एकदा कोल्हापूर, आणि जमलं तर चोर्ला घाटातून गोवा. ही ताडपत्रीखाली ठेवायची गाडी नाही. मला शिफ्टला वेळेवर पोचवणं हे तिचं काम.

यंदा इंजिनवर पैसे घालायचे ठरवलं आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एकजण म्हणाला, टोयोटाचं सहा सिलिंडरचं १जेझेड बसव. बसतं, लोकांनी बसवलंयही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवरचं इंजिन बदललं की आरटीओचे हेलपाटे आले. रस्त्यात कुणी बॉनेट उघडायला सांगितलं तर माझी बोबडी वळायला नको. बाद.

दुसऱ्याचा सल्ला: ४० चे दोन साइडड्राफ्ट वेबर कार्ब्युरेटर आणि लांब ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम. आवाजाच्या मोहात मीही आठवडाभर होतो. मग डॅशबोर्डवर इंजिनचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारा साधा टॅकोमीटर चिकटवला आणि आठ दिवस नुसता काटा बघत गाडी चालवली. टिळकवाडीतली रेल्वे गेटं, गोवावेसचा चौक, खानापूर रोड. काटा १५०० ते २८०० च्या बाहेर जवळजवळ जातच नाही. तसल्या कॅमात इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. त्याने वरच्या आरपीएमला ताकद येते, पण खाली इंजिन गुरगुरतं आणि ओढ जाते. म्हणजे गेटवर अर्धा तास हिसके खायचे आणि ताकद मिळणार ती चार हजारांच्या वर, जिथे मी जातच नाही. तेही बाद.

उरली यादी अशी: ३२/३६ चा वेबर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, एक्झॉस्टच्या चार नळ्या जोडत एक करणारा ४-२-१ चा हेडर, थोडं वाढीव कंप्रेशन. ती घेऊन मामांकडे गेलो (आमचे मिस्त्री, वयाने मोठे म्हणून मामा). त्यांनी यादी वाचलीच नाही. प्लग काढून सिलिंडरचा दाब मोजायचा गेज लावला. चार सिलिंडरचे आकडे: १५०, १४८, ११८, १५२.

"सर, घोडं दम लागून बसलंय आनि तुमी नवीन नाल ठोकाय निघालाय," मामा म्हणाले.

तिसऱ्या सिलिंडरात चमचाभर ऑइल घालून परत मोजलं तर १२२. पिस्टनच्या रिंगा गळत असत्या तर ऑइलने फट बुजून आकडा चांगलाच चढला असता. म्हणजे गळती व्हॉल्व्हची. इंजिनचं हेड उतरवून कुशीवर ठेवलं, वर आलेल्या पोर्टमध्ये पेट्रोल ओतलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेने एक थेंब फुगला, थांबला आणि ओघळला. व्हॉल्व्ह काढल्यावर तो टेकतो त्या सीटवर दोऱ्याइतकी काळी रेघ दिसली. एवढ्याशा रेघेने चारातला एक घोडा लंगडा केला होता. ज्यांना ज्यांना पार्ट मागवायची घाई झालीय त्यांनी आधी ही अर्ध्या तासाची तपासणी करा, बाकी मग बोलू.

उद्यमबागेत राहून मशिनिंगची तक्रार करायची सोय नाही. फाउंड्री आणि क्रँकशाफ्टवाल्यांचं हे गाव. अडचण एवढीच, की हजार नगांच्या ऑर्डरीत आपल्या एका हेडला कोण विचारणार? तीन आठवडे थांबलो. व्हॉल्व्हच्या सीट कापून घेतल्या, गाइड बदलले आणि हेड ०.४ मिमी घासून घेतलं. ब्युरेटने मोजल्यावर पिस्टनवरची जागा ६०.५ सीसीवरून ५८.५ वर आली, म्हणजे कंप्रेशन ८.५ चं जवळपास ८.८ झालं. याहून जास्त घासायचा मोह टाळला. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेड जितकं घासाल तितकं कॅमचं टायमिंग मागे सरकतं.

इग्निशनमध्ये मात्र मी मार खाल्ला. प्लगना ठिणगी वाटणारा एक चकचकीत डिस्ट्रिब्युटर ऑनलाइन मागवला. आला तेव्हा त्याला व्हॅक्यूमचा डबाच नाही! रेसवाल्यांना तो नको असतो, कारण त्यांचा थ्रॉटल कायम उघडा. आपला पाय मात्र दिवसभर पाव थ्रॉटलवर. तेव्हा सिलिंडरात मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं, म्हणून ठिणगी आणखी आधी पडावी लागते. तेच काम व्हॅक्यूम करतो. शहरात लिटरला ९ किलोमीटर मिळत होते ते ८ वर आले. शेवटी जुनाच डिस्ट्रिब्युटर साफ केला, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं. ठिणगी आयडलला १० अंश आधी, ३००० आरपीएमला ३३, व्हॅक्यूम वेगळा. आता १० च्या थोडं वर मिळतं. चकचकीत डबा माळ्यावर आहे, कुणाला हवा तर घेऊन जा.

वेबर बसला तो अडॅप्टर प्लेट करून. त्याचा ३२ चा बॅरल आधी उघडतो, ३६ चा पाय दाबल्यावरच, म्हणून रोजच्या गाडीला तो सोसतो. पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारे जेट बेळगावात जुळवले, प्लग छान बिस्किटाच्या रंगाचे, म्हणजे मिश्रण बरोबर. तसाच चोर्ल्यातून खाली साखळीला उतरलो. टपरीवर चहा सांगितला आणि प्लग काढला तर पांढराफटक. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, इथली हवा समुद्रकाठापेक्षा सात-आठ टक्के विरळ. खाली हवा दाट, जेट तोच, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. त्यात २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, म्हणून त्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. परतीच्या चढावर तिसऱ्या गिअरला डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, म्हणजे नॉकिंग, यायला लागला. पाय उचलून, गिअर खाली घेत कणकुंबी गाठली. प्रायमरीचा, म्हणजे ३२ च्या बॅरलचा मेन जेट १३५ वरून १४० केला. आता बेळगावात सकाळी पेट्रोलचा हलका वास येतो. येऊ दे, पिस्टन वितळण्यापेक्षा वास बरा. जुने रबरी पाइप ई-२० ने फुगले होते, तेही बदलले.

हेडर पुढे ढकलला. त्याची आच स्टार्टरला लागते आणि पाऊस संपेपर्यंत मला खाली झोपून बोल्ट आवळायचे नाहीत. रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन लावलाय, रिले आणि थर्मोस्विचसकट. रेल्वे गेटवर तापमानाचा काटा आता मधल्या खुणेवरच राहतो.

मोजमाप माझं एकच: वंटमुरी घाटाचा चढ, चौथा गिअर, गाडीत दोघे, ६० ते ८०. आधी साडेचौदा सेकंद, आता अकरा. घड्याळ बायकोच्या हातात होतं, त्यामुळे आकड्यावर शंका घ्यायची माझी हिंमत नाही.

सध्या त्रास एक राहिलाय. गरम गाडी दहा मिनिटं उभी केली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं आणि मग स्टार्टर मारत बसायचं. खाली इंजिनची आच अडवायला १० मिमीचा बेकलाइट स्पेसर टाकायचाय. कापायला दिलाय, शनिवारी देतो म्हणाले. कुठल्या शनिवारी, ते विचारायचं राहिलं.