स्नेहसंमेलनात रंगणारा बंबांचा वाद

निवृत्त अग्निशामक जवानांच्या आमच्या मंडळाचे स्नेहसंमेलन दरवर्षी भरते. अहवालवाचन, सत्कार, दिवंगत सहकाऱ्यांना श्रद्धांजली हे सारे रीतसर पार पडते. परंतु ज्या कार्यक्रमासाठी माणसे लांबून येतात, तो निमंत्रणपत्रिकेवर कधीच छापलेला नसतो. आभारप्रदर्शन संपले की खुर्च्या आपोआप गोलाकार सरकतात आणि आपल्या काळातली सर्वांत चांगली गाडी कोणती, या विषयाला तोंड फुटते. हा वाद आजवर मिटलेला नाही, आणि तो मिटावा असे आमच्यापैकी कोणालाही मनापासून वाटत नाही.

शिडीवाल्यांचा गट बहुधा पहिल्यांदा बोलतो. टर्नटेबल लॅडरवर, म्हणजे फिरत्या चौथऱ्यावर बसवलेल्या लांब शिडीच्या गाडीवर, उमेदीची वर्षे घालवलेली ही माणसे आपल्या गाडीची वंशावळ थेट जर्मनीतल्या उल्म शहरापर्यंत नेतात, कारण तिथल्या अग्निशामक दलाचे प्रमुख कॉनराड डीट्रिच मागिरुस यांनी 1872 मध्ये भिंतीचा आधार न घेता उभी राहणारी, लांबवता येणारी शिडी तयार केली होती. त्यांच्या समोरच्या बाजूला स्नॉर्केलवाले बसतात. शिकागो दलाचे प्रमुख रॉबर्ट क्विन यांनी 1958 मध्ये सांध्यांवर वाकणाऱ्या हाताच्या टोकाला पाळणा असलेली गाडी, म्हणजेच स्नॉर्केल, अग्निशमनासाठी वापरात आणली, तेव्हापासून घाबरलेल्या माणसाला पायरी पायरीने खाली आणण्याचे संकट टळले, हा त्यांचा ठाम मुद्दा. शिडीवाले त्यावर सांगतात की, एकामागून एक अनेकांना उतरवायचे असेल तेव्हा पाळण्याच्या फेऱ्या कमी पडतात आणि शिडी मात्र वाहत्या रस्त्यासारखी चालू राहते. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला पटते, कारण दोन्हीकडची माणसे प्रत्यक्ष वर चढलेली आहेत.

मी स्वतः पंपवाला. साध्या वॉटर टेंडरची, म्हणजे पाण्याची टाकी आणि पंप असलेल्या बंबाची, बाजू मी दरवर्षी घेतो आणि पुढेही घेत राहणार. आगीची वर्दी आली की सर्वांत आधी बाहेर पडते ती हीच गाडी. टाकीत काही हजार लिटर पाणी, म्हणजे तितकेच किलो वजन घेऊन ती वळणे घेते, आणि टाकीच्या आत आडवे पत्रे नसते तर त्या पाण्याच्या हिसक्याने ती वळणावर कलंडली असती. टाकीतले पाणी मात्र काही मिनिटांतच संपते. मग विहीर किंवा तळे गाठून सक्शन होज, म्हणजे पाणी घेणारा जाड पाइप, पाण्यात सोडायचा आणि प्रायमिंग, म्हणजे आतली हवा काढून पंपात पाणी आणणे, करायचे, हे पंप चालवणाऱ्याचे खरे काम. पंप पाणी ओढत नाही. तो होजमधली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. म्हणूनच हिशेबाने सव्वादहा मीटरपर्यंत चढू शकणारे पाणी प्रत्यक्षात सात-आठ मीटरांच्या वर क्वचितच येते आणि एखाद्या जोडातून हवा शिरत असेल तर तेवढेही येत नाही. व्हॅक्यूमचा काटा मागे सरकताना हात जोडावर ठेवावा; रबराची कडा घट्ट बसत असल्याचे तळव्याला कळते. मग पंपाचा मोकळा, पातळ आवाज एकाएकी जड होतो, आगीकडे पाणी नेणारा डिलिव्हरी होज जमिनीवर फुगत पुढे जातो आणि त्याच्या टोकाची ब्रांच, म्हणजे फवाऱ्याची नळी, धरलेला जवान पाय रोवतो. हे वर्णन सुरू झाले की स्नेहसंमेलनातले सगळे पंपवाले एकाच वेळी बोलू लागतात.

मोठेपणाचा विषय निघाला की न्यूयॉर्कच्या सुपर पंपरचे नाव आल्याशिवाय राहत नाही. 1965 मध्ये सेवेत आलेल्या या गाडीवर एरवी रेल्वे इंजिनांत आणि नौदलाच्या बोटींत बसणारे अठरा सिलिंडरांचे नेपियर डेल्टिक इंजिन होते, आणि तिचा पंप मिनिटाला सुमारे 33 हजार लिटर पाणी फेकत असे. तिच्याबद्दल आदर सगळ्यांनाच आहे. परंतु अरुंद गल्लीत शिरू शकणारी लहान गाडी अनेकांना अधिक जवळची वाटते आणि ते योग्यच आहे.

रेस्क्यू व्हॅनची माणसे कमी बोलतात. शर्यतीच्या मोटारींत अडकलेल्या चालकांना सोडवण्यासाठी 1960 च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांनी विकसित केलेले, पत्रा फाकवणारे हायड्रॉलिक अवजार हाती येण्यापूर्वी केवळ पहारी, करवती आणि जॅक यांवर भागवावे लागे, एवढे ते सांगतात आणि थांबतात. त्यांनी काय पाहिलेले असते ते ठाऊक असल्याने कोणी आग्रह करत नाही.

गेल्या स्नेहसंमेलनात तरुण जवानांनी विजेवर चालणाऱ्या बंबाचा विषय काढला. चालक बसतो त्या केबिनची कमी उंची, आगीच्या ठिकाणी इंजिनाच्या धुराचा आणि गोंगाटाचा अभाव, त्यामुळे एकमेकांना दिलेले हुकूम नीट ऐकू येणे, हे सगळे त्यांनी तळमळीने मांडले. ज्येष्ठांनी बॅटरी, वजन आणि किती वेळ सलग पंप चालेल याविषयी बारीक प्रश्न विचारले. मला आवाजाचीच शंका वाटली, कारण पाणी पकडल्याचे आम्ही कानाने ओळखत आलो आहोत. त्यावर एका तरुण ऑपरेटरने सांगितले की, इंजिन शांत असले की पंपाचा स्वतःचा आवाज उलट अधिक स्पष्ट कळेल. हे उत्तर मला आवडले. पुढच्या वर्षी त्याला माझ्या शेजारची खुर्ची द्यावी, असे मी कार्यवाहांना कळवले आहे.